शेरा वाढवावा

काळाचौकीतील माणकोजी चाळ, दुसरा मजला, खोली क्रमांक सत्तावीस. या खोलीच्या दाराला भाद्रपद शुद्ध चतुर्थीला सकाळी अकरा वाजता कुलूप होते, याबद्दल कोणाचाही वाद नाही. खुद्द रहिवासी श्रीमती सुभद्रा कुशाबा घाडी यांनाही ते मान्य आहे, कारण ते कुलूप त्यांनीच लावले होते. त्या वेळी त्या कणकवलीजवळ आपल्या गावी, दिराच्या पडवीत बसून मोदकांची उकड मळत होत्या. चाळीतल्या निम्म्याहून अधिक दारांना त्या दिवशी कुलपे होती. कोकणातला माणूस चतुर्थीला मुंबईत दिसला, तर घरी काही बरेवाईट झाले का, अशी लोक हळूच चौकशी करतात.

वाद आहे तो एवढाच, की त्यानंतर ते कुलूप कधी उघडले का.

माणकोजी चाळ पाडून तिच्या जागी बावीस मजली इमारत उभी राहायची होती. जो चाळीत राहतो त्याला नव्या इमारतीत घर, जो राहत नाही त्याला नाही, असा साधा नियम होता. कोण राहतो आणि कोण राहत नाही हे ठरवायला परळला ‘जुन्या इमारती रहिवास पडताळणी कक्ष’ स्थापन झाला. कक्षाने वर्षभर विचार करून घरोघरी फिरण्यासाठी गणेशचतुर्थीचा दिवस निवडला. त्या दिवशी रस्त्यांत मंडप असल्याने वाहने बंद असतात, त्यामुळे सर्वेक्षकांना पायी फिरणे सोयीचे जाते, असे कारण टिपणीत नमूद आहे.

सर्वेक्षक हितेंद्र हा सालस तरुण होता. त्याच्या हातात कक्षाचा टॅब होता आणि टॅबमध्ये ‘चाळसाथी’ नावाचे नवे ॲप होते, ज्याचे उद्घाटन महिन्यापूर्वीच टॅबसमोर नारळ वाढवून झाले होते. ॲपमध्ये नाव, खोली क्रमांक आणि शेवटी शेरा असे तीन रकाने होते. सत्तावीस नंबरसमोर हितेंद्र अर्धा मिनिट उभा राहिला, त्याने शेऱ्याच्या रकान्यात ‘दाराला कुलूप’ असे दोन शब्द लिहिले आणि तो अठ्ठावीस नंबरकडे वळला.

पंधरवड्याने जिन्याजवळ कच्ची यादी लागली. सुभद्राबाईंच्या नावापुढे तांबड्या अक्षरांत ‘शेरा पाहावा’ असे छापलेले होते. त्यांचे वय एकोणसत्तर. लग्न होऊन त्या थेट या खोलीत आल्या त्याला सेहेचाळीस वर्षे झाली होती. नवरा कुशाबा गिरणीत साच्यावर कापड विणायचा, त्याला जाऊन नऊ वर्षे झाली. जाताना त्याने मागे दोन गोष्टी ठेवल्या, एकशेसाठ फुटांची ही खोली आणि खोली मिळाली त्याच आठवड्यात लालबागच्या बाजारातून हौसेने आणलेले पितळी कुलूप. गावचे घर दिराचे. ही खोली हातची गेली असती, तर सुभद्राबाईंना चतुर्थी संपल्यावर परत यायला या पृथ्वीवर जागा उरली नसती.

साहजिकच त्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला कुलूप लावून परळला कक्षात गेल्या.

खिडकीत संघमित्रा नावाची बाई बसली होती. कक्षात माणुसकी शिल्लक असलेली ही एकमेव खिडकी, असा तिचा लौकिक होता.

“मावशी, शेरा आहे तुमच्यावर,” संघमित्रा म्हणाली.

“माझ्यार? मी काय केलंय?”

“तुम्ही काय नाय केलं. दाराला कुलूप होतं ना चतुर्थीला?”

“होता. गावाक गेलंय होतंय.”

“मग शेरा बरोबर आहे.”

“बरोबर असा गो, पण मी रवतंय थंयच! सेहेचाळीस वर्षां रवतंय. तो शेरो खोडून टाक.”

संघमित्राने पडदा सुभद्राबाईंकडे वळवला. शेऱ्याच्या रकान्याखाली एकच हिरवे बटण होते आणि त्यावर ‘वाढवा’ असे लिहिले होते. “खोडायचं बटनच नाय, मावशी. बदलायचं पण नाय. एकदा लिहिलेला शेरा तसाच राहतो, आपण खाली जोडत जायचं. पण काळजी करू नका, तुमचं म्हणणं मी नीट लिहिते.”

आणि तिने खरेच नीट लिहिले. ‘संदर्भ : दाराला कुलूप हा शेरा. अर्जदार यांचे म्हणणे की, सदर दिवशी दाराला कुलूप असले तरी दाराला कायम कुलूप नसते.’ एवढे लिहून तिने ‘वाढवा’ दाबले, आणि दोघींनाही काम झाल्यासारखे वाटले.

सुभद्राबाई घरी परतल्या तर शेजारची मनू गॅलरीत वाट पाहत उभी होती.

“काकी, तो सर्वेवाला परत आलेला. ज्यांना ज्यांना कुलूप होतं त्यांची दुसरी फेरी होती आज. तुमच्या दारासमोर उभा राहून गेला.”

“मग तू सांगलंस नाय त्येका?”

“सांगितलं ना! म्हटलं काकी कुलूप काढायलाच गेल्यात.”

हितेंद्र सालस होता आणि प्रामाणिकही. त्याने लिहिले, ‘शेजारी म्हणतात, रहिवासी कुलूप काढण्यास गेल्या आहेत. दाराला कुलूप.’

चाळीतल्या बाकी सगळ्या कुलूपवाल्यांचे काम त्या एका सकाळी फत्ते झाले. ते घरात पेपर वाचत बसले होते. यादी पाहूनही ज्यांनी काहीच केले नाही त्यांचे शेरे आपोआप निकालात निघाले, आणि जी बाई पहिल्याच दिवशी दाद मागायला धावली तिच्या खात्यात कुलपांची भर पडली. सुभद्राबाई दुसऱ्यांदा कक्षात गेल्या तेव्हा संघमित्राचा चेहरा उतरलेला होता.

“मावशी, छाननी लागलीय तुमच्या नोंदीला. ॲप आपोआप शेऱ्यातला ‘कुलूप’ शब्द मोजतं. सर्वेवाल्याच्या फेऱ्या तीन, म्हणून तीनपर्यंत चालतं. तीनच्या वर गेलं की ते समजतं खोली वापरात नाय.”

“माझी किती झाली?”

“सहा. एक पहिलं, दोन परवाच्या फेरीतली.” संघमित्राने पडदा थोडा आपल्याकडे वळवला. “आणि तीन मी लिहिलेली.”

सुभद्राबाईंना राग आला. पण रागवायचे कोणावर? ही बाई तर आपल्याच बाजूने लिहीत होती. चाळीत पाऊणशे माणसे असताना कोणाच्या तरी टॅबमध्ये आपली खोली ओसाड पडते, ही कल्पना त्यांना सहन होईना. त्यांनी पुन्हा तक्रार लिहायला सांगितली. या वेळी संघमित्राने ‘कुलूप’ हा शब्द टाळून ‘सदर वस्तू’ असे लिहून पाहिले. ॲपने तांबडी ओळ दाखवली, की संदर्भातील वस्तूचे नाव नमूद केल्याशिवाय शेरा वाढवता येणार नाही. तिने नाव नमूद केले.

इथे ‘चाळसाथी’च्या कार्यपद्धतीची थोडी माहिती देणे आवश्यक आहे. शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द जरी जोडायचा, तरी ॲप आधी त्यातला जुना मजकूर सगळाच्या सगळा बाहेर काढी, त्याच्या शेपटाला नवा शब्द चिकटवी आणि ते सगळे परत आत नेऊन ठेवी. मजकूर दोन शब्दांचा होता तोवर हे डोळ्यांची पापणी लवते तोवर होई. त्याची पानभर लांबी झाली तेव्हा कटिंग चहा पिऊन होईपर्यंत थांबावे लागे. दिवाळीच्या सुमारास सुभद्राबाईंचा शेरा अकरा पानांवर गेला आणि तो उघडायला सकाळचे सव्वादहा ते जेवणाची सुट्टी एवढा वेळ लागू लागला.

म्हणजे शेरा जितका लांबे, तितका वेळ सुभद्राबाई कक्षातल्या बाकावर बसत. त्या बाकावर जितका वेळ बसत, तितका वेळ घराला कुलूप राही. आणि घराला कुलूप असले, की फेरीवर आलेला हितेंद्र ते पाहून शेरा आणखी लांबवी. कक्षाने त्यांच्यासाठी खास जादा फेऱ्या मंजूर केल्या होत्या, कारण ज्या रहिवाशाच्या तक्रारी अधिक, त्याची पडताळणी अधिक, असे परिपत्रक होते. फेरीची वेळ कार्यालयीन होती, दहा ते दोन. कक्षाची तक्रार घेण्याची वेळही दहा ते दोन होती.

शेवटी सुभद्राबाईंनी डोके चालवले. एका सोमवारी त्यांनी दाराची कडी नुसती सुतळीने बांधली, मनूला लक्ष ठेवायला सांगितले, आणि कुशाबाचे पितळी कुलूप पिशवीत घालून कक्षात नेले. ते त्यांनी किल्लीसकट खिडकीतल्या टेबलावर ठेवले.

“ह्यां बघ कुलूप. आता सांग, दाराक काय असा?”

संघमित्राला हसू आले, आणि मग कसेतरीच वाटले. “मावशी, खिडकीवर वस्तू ठेवली की ती पुरावा होते. पावती द्यावी लागते मला.”

तिने पावती दिली. ‘अर्जदार कुलूप घेऊन हजर. कुलूप किल्लीसह जमा. कुलूप पितळी.’ त्याच वेळी तिकडे माणकोजी चाळीत हितेंद्र लिहीत होता, ‘दाराला कुलूप नाही. कुलपाच्या जागी सुतळी.’ त्यात ‘कुलूप’ एकदाच आहे, असे कोणाला वाटेल. पण मधल्या काळात ॲपमध्ये सुधारणा झाली होती. आता ते व्याकरण शिकले होते आणि कुलपाच्या, कुलपास, कुलपांविषयी अशी सगळी रूपे त्याला ओळखू येत होती. कुलूप असणे आणि कुलूप नसणे यांतला फरक पुढच्या सुधारणेत येणार होता.

कुलूप पुराव्यात गेले ते गेले. परत मागायला गेल्यावर कळले, की प्रकरण निकाली निघाल्याखेरीज पुरावा परत मिळत नाही. घरी परतताना सुभद्राबाईंना रडू फुटले. कुशाबा गेल्यानंतर त्या एवढ्या रडल्या नव्हत्या. तो कुलूप लावून झाल्यावर दोनदा ओढून बघायचा, तो आवाज त्यांना आठवत राहिला.

मार्गशीर्षात संघमित्राने एक धाडस केले. तिने सुभद्राबाईंना थेट कक्षप्रमुखांच्या दालनात न्यायचे ठरवले. दाराबाहेर थांबवून तिने कानात सांगितले, “मावशी, त्रिलोकेकर साहेब माणूस चांगले आहेत. फक्त एक करा. त्यांच्यासमोर ‘बंद’ म्हणू नका, ‘संपलं’ म्हणू नका, ‘फुटलं’ तर अजिबात नाय. त्यांना अशुभ चालत नाय.”

हेमचंद्र त्रिलोकेकर गिरगावचे. चार पिढ्या त्याच घरात, आणि चार पिढ्या कुठल्या ना कुठल्या कचेरीत. त्यांच्या घरात बांगडी कधी फुटली नव्हती, मीठ कधी संपले नव्हते आणि दिवा कधी विझला नव्हता. आत त्यांच्यासमोर विक्रांत नावाचा तरुण लॅपटॉप उघडून बसला होता. ‘चाळसाथी’ ज्या कंपनीने बनवले तिचा तो माणूस. सत्तावीस नंबरचा शेरा आता रकान्यात मावेनासा झाल्याने त्याला तातडीने बोलावले होते.

“सर, इश्यू सिम्पल आहे,” विक्रांत सांगत होता. “एवढी मोठी टेक्स्ट त्या फील्डला झेपत नाही. आपण रकाना मोठा करू. आपण त्याला महारकाना म्हणू. एका नोंदीत अख्खं वाचनालय बसेल.”

“पण मुळात एवढा मजकूर येतोच कसा?” साहेबांनी विचारले. “मी गेल्या वर्षीच सांगितलं होतं. हे कारकून लोक शेऱ्यांत वाटेल ते लिहितात, वाद निर्माण होतात.”

सुभद्राबाईंना राहवले नाही. “साहेब, माका काय्येक नको. तेवढो शेरो बंद करा.”

साहेबांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. संघमित्राने डोळे मिटले.

“बाई,” साहेब शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले, “या दालनात तो शब्द वापरू नये. दुकान काय, दिवा काय, काम काय, आपण ‘वाढवा’ म्हणतो. तुम्हीही शेरा वाढवा असं म्हणा, म्हणजे माझ्या लक्षात येईल.”

त्या एका शब्दासरशी सुभद्राबाईंना चार महिन्यांचा उलगडा झाला. गावाकडच्या बायकांना असल्या गोष्टींचा उलगडा पटकन होतो.

“आमच्यात पण नारळ वाढवतत, साहेब. बांगडी वाढवतत. म्हणजे तुमी गेल्या वर्सा शेरो मिटवूकच सांगललात?”

“अर्थात! माझी टिपणी आहे तशी. ‘शेरा हा प्रकार आता वाढवावा.’ शेऱ्याचा रकानाच नको होता मला.”

विक्रांत गडबडला. त्याने लॅपटॉपवर काहीतरी शोधले आणि वाचून दाखवले. “सर, रिक्वायरमेंट नंबर चार. शेरा वाढवावा. खाली तुमची सही. आम्ही त्याप्रमाणे... म्हणजे सर, खोडायचं बटन, बदलायचं बटन, सगळं काढून टाकलं आम्ही. सहा माणसं दोन महिने बसली होती. फक्त वाढवायचं ठेवलं.”

“तुमच्या घरी नारळ काय करतात हो?” साहेबांनी खोल आवाजात विचारले.

“सर, फोडतात.”

सुभद्राबाई हसल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच हसल्या, आणि त्यांना हसताना पाहून संघमित्रालाही हसू आले. चूक सापडली होती. ती कोणाची हेही दिसत होते, आणि ती दुरुस्त करू शकणारे दोघे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसले होते. यापुढे अडचण यायला जागाच कुठे होती?

जागा होती. चूक मान्य करायची म्हणजे चौकशी लागणार. चौकशी लागली की ‘चाळसाथी’ला मिळालेला सुशासनाचा गौरव परत द्यावा लागणार, आणि साहेबांना निवृत्तीला सात महिने राहिले होते. मग त्यांनी फाइल ओढली, पेनचे टोपण काढले आणि सुंदर वळणदार अक्षरात आदेश लिहिला, ‘सदर प्रकरण येथेच वाढवावे.’

त्यांनी फाइल विक्रांतकडे सरकवली आणि विक्रांतने ती संघमित्राकडे. नियम असा, की साहेबांचा प्रत्येक आदेश शब्दशः शेऱ्यात जोडायचा. संघमित्राने एकदा साहेबांकडे पाहिले, एकदा सुभद्राबाईंकडे पाहिले, आणि खाली मान घालून ती आपल्या खिडकीकडे गेली. तिलाही नोकरी होती. महारकाना दुसऱ्याच दिवशी सुरू झाला, आणि त्यासाठी पुन्हा एक नारळ वाढवला गेला.

संक्रांतीनंतर अंतिम यादी लागली. खोली क्रमांक सत्तावीस : वापरात नाही. कुलपे सत्तेचाळीस. जिन्यात उभ्या असलेल्या लोकांनी ते वाचले आणि एका दाराला सत्तेचाळीस कुलपे कुठे लावली असतील यावर चर्चा केली. सुभद्राबाई त्यांच्या मागेच उभ्या होत्या. त्यांना कोणी वाट दिली, कोणी ‘वाईट झालं हो काकी’ असे म्हटले, आणि मग प्रत्येक जण आपापल्या नावापुढची हिरवी खूण बघायला पुढे सरकला. एवढी वर्षे ज्यांच्या बारशांना आणि बाराव्यांना त्या चुलीपाशी उभ्या राहिल्या, त्यांची तोंडे त्या दिवशी सुभद्राबाईंनी नीट पाहून घेतली.

प्रकरण इथे थांबले असते. पण कक्षातल्या लेखापरीक्षणात एक गंभीर दोष निघाला. नोंदीप्रमाणे खोली क्रमांक सत्तावीसला सत्तेचाळीस कुलपे होती, प्रत्यक्षात मात्र दाराला एकही कुलूप नसून सुतळी होती. नोंद आणि वस्तुस्थिती यांत तफावत असणे ही अनियमितता होय. नोंद बदलण्याची सोय ॲपमध्ये नसल्याने वस्तुस्थिती दुरुस्त करण्यात यावी, असा शेरा परीक्षकांनी मारला. सत्तेचाळीसपैकी निदान एक तरी कुलूप दाराला असले पाहिजे, असे ठरले. खरेदीची प्रक्रिया लांबलचक असल्याने, कक्षात पुरावा म्हणून जमा असलेले पितळी कुलूप वापरण्यास मंजुरी मिळाली.

ते घेऊन हितेंद्र बुधवारी सकाळी अकराला आला. सुभद्राबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. यादी लागल्यापासून त्या कक्षात जात नव्हत्या, त्यामुळे घरीच होत्या. इतक्या महिन्यांत दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच समोरासमोर पाहिले.

“आई, तुम्ही... घाडी?”

“होय.”

“तुम्ही राहता इथे?”

“तू सांग. तुझ्याकडे लिवलेला आसतला.”

हितेंद्रने टॅब काखेत धरला. पिशवीतून त्याने कुलूप काढले. सुभद्राबाईंनी ते ओळखले. पितळेवर कक्षाचा क्रमांक पांढऱ्या रंगाने घातला होता.

“आई, राग मानू नका. माझं काम फक्त लावायचं आहे. तुम्ही जरा बाहेर येता का?”

सुभद्राबाई उठल्या. तांदळाचे सूप उचलून त्या आत गेल्या आणि कुशाबाच्या फोटोखाली पाटावर बसल्या. “लाव,” त्या आतून म्हणाल्या. “मी हयच असंय.”

“आत माणूस असताना कसं लावू, आई?”

“तुझ्या नोंदीत आत माणूस असा?”

हितेंद्रने कक्षात फोन लावला. संघमित्राने नोंद उघडायला घेतली आणि ती उघडेपर्यंत दोन वाजले. तोवर हितेंद्र दारात उभा होता आणि सुभद्राबाईंनी त्याला आतून दोनदा चहा दिला. शेवटी साहेबांचा निरोप आला, की नोंदीप्रमाणे खोलीत कोणीही राहत नाही, सबब कुलूप लावण्यास कोणाची अडचण संभवत नाही.

हितेंद्रने कुलूप लावले. मग सवय नसताना, का कोणास ठाऊक, त्याने ते दोनदा ओढून पाहिले. आतून सुभद्राबाईंच्या रडण्याचा आवाज आला, तो त्याने शेऱ्यात लिहिला नाही. त्याने लिहिले, ‘दाराला कुलूप.’ तो सुरुवातीलाही हेच दोन शब्द लिहून गेला होता. आता मात्र नोंद आणि वस्तुस्थिती यांचा मेळ तंतोतंत बसला.

मनू गॅलरीतल्या खिडकीच्या गजांतून सकाळ-संध्याकाळ डबा देते. तिने तोंडी तक्रार केली, की सत्तावीस नंबरमधून आतून दार वाजवल्याचा आवाज येतो. ती तक्रार शेऱ्यात वाढवण्यात आली आहे. किल्ली कक्षात सुरक्षित असून ती प्रकरणाला जोडली आहे.

नियमाप्रमाणे हा शेरा पंधरा दिवसांसाठी सर्वसामान्य जनतेच्या सूचना व हरकतींकरिता प्रसिद्ध करण्यात येत आहे. मूळ मजकूर फार लांब असल्याने नागरिकांच्या सोयीसाठी त्याचा संक्षेप केला आहे. आपण वर वाचलात तो हाच संक्षेप. एकाही नागरिकाने हरकत घेतल्यास कुलूप तत्काळ काढून श्रीमती घाडी यांची फेरतपासणी करण्याची तरतूद आहे.

हरकत कशी मोजावी, याबाबतचे परिपत्रक स्पष्ट आहे. ज्यास हरकत असेल, तो वाचता वाचता मध्येच उठून ती घेईल. जो शेवटपर्यंत निवांत वाचत बसला, त्याची काही हरकत नाही असे समजण्यात यावे.

आपण शेवटपर्यंत आला आहात. आपल्या नावाने शेरा वाढवण्यात आला आहे.